विरजणाची खूण

आमच्या इमारतीच्या फाटकावरची पट्टी हिरव्याची लाल झाली, तेव्हा शेजारच्या शालनकाकूंनी काय वाचवावं? दागिने नाहीत, कागदपत्रं नाहीत. त्यांनी दह्याचं गाडगं पदराखाली घेतलं आणि माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे तुझ्यात ठेव सानिका. तू सरकारी माणूस, तुझ्या घरात कोण हुडकतंय?"

"काकू, मी माघारी खात्यात आहे. माझ्याच घरात आधी हुडकतील."

"मग कशाला करतीस असली नोकरी?" असं म्हणत त्यांनी गाडगं माझ्या कपाटात साड्यांच्या मागं ठेवलंसुद्धा. चार वर्षांची माझी किमया टाळ्या पिटत होती. तिला वाटलं लपाछपी चालली आहे.

तेवढ्यात पांढरी गाडी आली. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या माणसांनी घराघरातलं पीठ, डाळी, लोणच्याच्या बरण्या, मिसळणाच्या डब्यातली मोहरीसुद्धा पिवळ्या पिशव्यांत भरली. फाटकाला कुलूप लागलं. प्रत्येकाची तपासणी स्वच्छ आल्याशिवाय आता कुणी बाहेर जायचं नव्हतं. तळमजल्यावरच्या कुंभारांची सून त्याच दिवशी इस्पितळात बाळंत झाली आणि नवरा, सासू दोघंही इकडे अडकले. लाल इमारतीतल्या माणसाला इस्पितळाच्या फाटकातून आत घेत नाहीत, असा नियमच आहे. त्या पोरीनं बाळाचं पहिलं रडणं एकटीनं ऐकलं. कुंभारवहिनी जिन्यात बसून रडत होत्या. नियम माझ्याच खात्याचा होता, मी त्यांना काय समजावणार? गुपचूप वर आले.

हा नियम कुठून आला ते सांगते. सॅल्मोनेला हा काही नवा जंतू नव्हे. कोंबड्यांच्या, गुरांच्या आतड्यात राहतो आणि तिथून अंड्यात, दुधात, मसाल्यात, कशातही शिरतो. कोरड्या पावडरीत तर महिनोन्‌महिने निपचित पडून राहतो आणि ओल मिळाली की उठतो. धडधाकट माणसाला तो अंथरुणावर लोळवतो, पण लहान मुलाच्या जिवावर उठतो. पूर्वी असं काही सापडलं की कंपनी जाहीर करायची, अमुक माल परत द्या. तोवर निम्मा माल लोकांच्या पोटात गेलेला असायचा. मग एका उन्हाळ्यात बाळांच्या खाऊतून तो देशभर पसरला. इतकी मुलं गेली की सरकारला हातपाय हलवणं भागच पडलं.

त्यातून आली 'खूण'. मातीत राहणारा एक गरीब स्वभावाचा जीवाणू असतो. दिवस वाईट आले की तो स्वतःभोवती टणक कवच करून बी होऊन झोपतो. उकळलं तरी ते बी मरत नाही. त्याच्या जनुकांत रसायनांच्या अक्षरांनी मालाचा क्रमांक लिहायचा, अशी अब्जावधी बीजं वाढवायची आणि कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक मालावर फवारायची. चव नाही, वास नाही, अपाय नाही. माणसाच्या पोटातून ती तशीच बाहेर पडतात आणि प्रत्येक इमारतीच्या सांडपाण्याच्या नळात बसवलेलं यंत्र ती वाचतं. लोक त्या यंत्राला 'नाक' म्हणतात. कुठल्या इमारतीनं काय खाल्लं हे खाणाऱ्यापेक्षा नाकाच्या जास्त लक्षात राहतं. एखादा माल माघारी बोलावला की तो खाणाऱ्या इमारतीही आपोआप लाल.

गंमत अशी की आमची इमारत ज्या दुधापायी लाल झाली, ते दूध केव्हाच माघारी घेऊन नष्ट केलं होतं. तरीही मिरजेत रोज नव्या इमारती लाल होत होत्या. मी घरात कोंडलेली होते म्हणून नकाशा घरीच उघडून बसले. ठिपके दुकानांच्या आसपास नव्हते, डेअरीच्या गाडीच्या रस्त्यावरही नव्हते. चार इथे, दोन तिथे, मध्येच एखादा जयसिंगपुरात. डोकं चालेना.

वरच्या मजल्यावरची मुलगी वाटी घेऊन आली. "काकू, आईनं विरजण मागितलंय. दिवेलागण व्हायच्या आत दे म्हणाली."

शालनकाकूंनी माझं कपाट उघडलं, गाडग्यातलं चमचाभर दही तिच्या वाटीत घातलं आणि मोठ्या अभिमानानं मला म्हणाल्या, "माझं विरजण कुटं कुटं पोचलंय तुला म्हाईत हाय का? माझ्या धाकटीनं जयसिंगपूरला न्हेलं. कुंभाराच्या पोरीनं सांगलीला विश्रामबागेत. तिच्या जावेनं आणि तिच्या म्हायेरी."

जयसिंगपूर. विश्रामबाग. मी नकाशाकडे पाहिलं आणि उठून उभीच राहिले.

गाडग्यातल्या दह्याची तपासणी झाली, आणि घरोघरी काय चाललं होतं ते कळलं. काकूंनी कधीतरी त्या माघारीच्या दुधाला विरजण लावलं होतं. कोमट दुधात ती झोपलेली बीजं जागी व्हायची, दूध आंबायच्या आत वाढून घ्यायची आणि दही लागलं की पुन्हा झोपायची. त्यातलं चमचाभर दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या. सॅल्मोनेला त्या आंबटपणात टिकला नव्हता. रोग मरून गेला होता आणि त्याचं नाव तेवढं घरोघरी वाढत होतं.

"वा!" आमचे बिराजदारसाहेब म्हणाले. "मग ही खूण हिशेबातून वजा करून टाका. नाकाला सांगा, एवढी एक दिसली तर कानाडोळा कर."

तशी मी सूचना लिहिली. 'विरजण वजावट' असं तिला नावही दिलं आणि सही केली. सूचना राज्यभर लागू झाली आणि एका दुपारी जिल्ह्यातल्या सगळ्या पट्ट्या हिरव्या झाल्या. इमारतीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, माझा आणि शालनकाकूंचा. काकू शाल पांघरून अशा बसल्या की जणू जीवाणू त्यांनीच शोधला. मला फार आनंद झाला होता. कुवेतला असलेल्या नवऱ्याला मी त्या सत्काराचा फोटो तीनतीनदा पाठवला.

हे झालं पावसाळ्यात. थंडी सुरू झाली आणि किमया आजारी पडली.

आधी नुसता ताप. मग जुलाब, मग उलट्या, मग ती हाक मारली तरी डोळे उघडेना. मी ऑफिसात असले की तिला शालनकाकूच सांभाळत. त्यांनीच तिला उचललं आणि माझी वाट न पाहता इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, सॅल्मोनेला, रक्तात उतरलाय. शेजारच्या खाटेवर तिच्याच बालवाडीतला मुलगा होता, पलीकडे आणखी एक मुलगी.

मी फाटकाची पट्टी आठवून पाहिली. हिरवी. बालवाडीची हिरवी. सगळं मिरज हिरवंगार.

ऑफिसात जाऊन मी आमच्या वॉर्डाचं कच्चं वाचन काढलं, वजावट होण्याआधीचं. तेवढंच बघण्याचा मला अधिकार होता. बालवाडीच्या नळात एकच खूण ठसठशीत दिसत होती. तीच, जुनी, माफ केलेली. पण बालवाडीत दही कुठून येणार? तिथे मुलांना रोज पावडरीचं दूध मिळतं. पावडर त्याच डेअरीची, जिचं दूध माघारी घेतलं होतं. ती बाजारात विकत नाहीत, सरकारी पुरवठ्यातच जाते.

डेअरीवाल्यांच्या ध्यानात आलं असणार. ह्या एका खुणेकडे नाक बघत नाही. मग नव्या मालावर नवी खूण कशाला फवारायची? जुनी फवारायची आणि निवांत राहायचं. काही झालं तरी माल माघारी येणार नाही. ही पळवाट मीच आखून दिली होती, वर सहीसुद्धा केली होती.

बिराजदारसाहेबांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नाही, पण कागदाबाहेर बोट ठेवत नाही.

"मॅडम, बालवाडीत कोण येतं? दह्याच्या घरातली मुलं. बाई दह्याच्या घरातली, मदतनीस दह्याच्या घरातली. खूण दिसणारच. हे तुम्हीच लिहून दिलंय."

"उघड्या डब्यातली पावडर मी तपासली, साहेब. खूण आहे."

"चमचा कुणाचा? बाईंचा. जंतू सापडला का?"

"नाही. पण पावडरीत तो एकसारखा पसरलेला नसतो. एका चमच्यात नाही म्हणून डब्यात नाही, असं—"

"बंद डबा तपासा मग."

"बंद डबा फोडायला माघारीचा आदेश लागतो."

"आणि आदेशाला नाकाची साक्ष." त्यांनी हात पसरले. "तुमची मुलगी आजारी आहे, मला समजतं. पण दही आणि पावडर वेगळं करून दाखवा. लगेच आदेश काढतो."

वेगळं करायचा एकच मार्ग होता. आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांनी विरजण टाकून द्यायचं. जुनी भांडी धुऊन घ्यायची, आठवडाभर दही लावायचं नाही. घरांच्या नळांतून खूण नाहीशी झाली आणि बालवाडीच्या नळात तशीच राहिली, म्हणजे दोष पावडरीचा. इतकं सरळ होतं ते.

इस्पितळाच्या बाकावर मी हे शालनकाकूंना सांगितलं. त्या किमयाच्या पायांना तेल चोळून आल्या होत्या, हात अजून तेलकट होते.

"समदं टाकायचं? चमचाभर बी ठेवायचं न्हाई?"

"थेंबभरही नाही काकू."

"माझ्या आईनं दिल्यालं हाय गं ते. लग्नात वाटीत घालून दिलतं. आई गेली, घर गेलं, विरजण तेवढं हाय." त्यांनी पदरानं हात पुसले. "पोरीपेक्षा दही मोठं हाय व्हय? बघते मी."

आणि खरंच, त्यांनी गल्ली पालथी घातली. त्यांच्या शब्दाला नाही म्हणणारी बाई आमच्या गल्लीत जन्माला यायची आहे. गाडगी फुटली, दही खड्ड्यात पुरलं गेलं. मी नळात ओतू नका म्हणून बजावलं होतं. रोज सकाळी मी वाचन बघत होते. एकेका घराची खूण पुसट होत चालली. बालवाडीची होती तशीच. मी किमयाच्या कानात सांगितलं, "झालंच आता." तिनं माझं बोट धरलं. मुठीत जोर नव्हता.

आठवडा संपला. बिराजदारसाहेब स्वतः बालवाडीत आले. मी आधीच बाईंना दूध देऊ नका म्हणून विनवलं होतं, पण वरून लेखी आल्याशिवाय त्या तरी काय करणार? काही मुलं त्या दुधासाठीच यायची. साहेबांनी नळ पाहिला, वाचन पाहिलं, मान डोलावली. माझ्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं. जाता जाता त्यांनी लसींसाठी ठेवलेला छोटा फ्रिज उघडला.

आत स्टीलच्या वाट्या होत्या. एकावर एक, दाटीवाटीनं, प्रत्येकीवर बशी. लग्नात मिळालेल्या वाट्या, नावं घातलेल्या. 'चि. सौ. कां. वंदना हिस मामाकडून.' 'सौ. राजाक्का कुंभार.' आणि सगळ्यात पुढे, झिजलेली, 'कु. शालन'.

प्रत्येकीत चमचाभर दही.

बालवाडीच्या बाई भिंतीला टेकल्या. "मॅडम, घरात ठिवायचं न्हाई म्हणालात. हितं कुणाचं घर न्हाई. म्हटलं, आठवड्याचा तर सवाल. विरजण जगवायचं तर एकाआड एक दिवस दूध घालावं लागतंय, म्हणून घालत हुतो..."

"आणि वाट्या कुठं धुतल्या?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी मोरीकडे बोट दाखवलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेतली कीव मला सहन झाली नाही. "पुन्हा आठवडा घ्या," ते म्हणाले. "नीट करा."

पुन्हा आठवडा! किमयाकडे आठवडा होता का? बालवाडीतल्या बाकीच्या मुलांकडे? मागे मदतनीस दुधाचं पातेलं ढवळत होती आणि मुलं पेले घेऊन रांगेत उभी होती. मी पातेलं उचललं आणि तिथंच मोरीत उपडं केलं. मुलं रडायला लागली. साहेब काहीतरी ओरडले. एक पातेलं ओतलं, पण गावोगावच्या पातेल्यांचं काय?

इस्पितळात काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "मीच म्हटलं बायकांना. जीवच झाला न्हाई गं माझा." मला त्यांचा भयंकर राग आला होता. पण किमयाला मांडीवर घेऊन त्याच बसल्या होत्या, मी नाही. मी राग गिळला. "हिला सोडून हलू नका," एवढंच म्हणाले आणि ऑफिसात गेले.

वजावट माझ्या सहीनं लागली होती. काढायलाही माझी सही पुरेशी होती. ती कुणी काढेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं, कारण काढली की काय होणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. दही खाणारं प्रत्येक घर लाल. फाटकं बंद, स्वयंपाकघरं रिकामी, बाळंतिणी एकट्या. माझीही इमारत लाल होणार. आमच्या गल्लीचे नळ स्वच्छ झाले होते खरे, पण लोकांच्या आतड्यातून ते बी अजून थोडंथोडं येत होतं, आणि वजावटीशिवाय नाकाला तेवढंही पुरे. म्हणजे मला इस्पितळाचं फाटक बंद. पण त्याच खुणेचा माल त्याच क्षणी माघारी आला असता. प्रत्येक बंद डबा, प्रत्येक उघडा डबा. यंत्राला भेद कळत नाही, हीच एक गोष्ट आता माझ्या कामाची होती.

बिराजदारसाहेब दारात आले तेव्हा माझा अंगठा काचेवर होता.

"मॅडम, नका. अख्खा जिल्हा उपाशी राहील."

"राहू दे," मी म्हणाले आणि अंगठा दाबला.

आधी काहीच झालं नाही. मग भिंतीवरच्या नकाशात मिरज पेटलं. सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी. मग कोल्हापूर, सातारा, पुणे. लेकी जिथे जिथे नांदायला गेल्या होत्या तिथे तिथे. आणि मग असे ठिपके दिसायला लागले की जिथे कुणी विरजण लावत नाही. आश्रमशाळा. अनाथाश्रम. वसतिगृहं. साहेब खुर्चीत बसले. त्यांना आता साक्ष मिळाली होती.

मिरजेच्या मध्यभागी एक ठिपका सगळ्यांहून गडद होता. मी तो मोठा करून पाहिला. इस्पितळ. मुलांचा विभाग.

माझ्या वॉर्डाबाहेरचं कच्चं वाचन मला कधी दिसलंच नव्हतं, आणि सरकारी पुरवठ्याची पावडर तिथेही जात असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. किमयाच्या पोटात काही ठरायला लागलं होतं, म्हणून डॉक्टरांनी आजपासूनच दूध सुरू करा म्हणून सांगितलं होतं. आणि मी मान हलवली होती.

मी रस्त्यानं धावत सुटले. दोन्ही बाजूंची फाटकं एकामागून एक लाल होत होती, कुलपं पडत होती, गॅलऱ्यांतून माणसं ओरडत होती. काकूंचा फोन लागत नव्हता. इस्पितळाच्या दारात पोचले तर रखवालदारानं माझ्या चेहऱ्यासमोर यंत्र धरलं आणि हात आडवा केला.

"तुमची इमारत लाल आहे, ताई."

"माझी मुलगी आत आहे. नुसता निरोप द्या. वरच्या मजल्यावर, मुलांचा विभाग—"

"लाल आहे, ताई."

मी फाटकाचे गज धरून पुन्हा फोन लावला. ह्या वेळी लागला. पडद्यावर काकूंचा खांदा दिसला, किमयाचे विस्कटलेले केस दिसले आणि तिच्या ओठांपाशी नेलेला पेला. वाफ निघत होती.

"बग, आई आली फोनवर," काकू म्हणाल्या. "घोटभर पी, मग बोल तिच्याशी."

"काकू, थांबा! देऊ नका!"

तिकडे भोंगा वाजायला लागला, त्यात माझा आवाज बुडाला. काकूंनी पेला आणखी कलता केला. मग पांढरा हातमोजा घातलेला एक हात मध्ये आला आणि पेला हिसकावून घेतला. दूध गादीवर सांडलं. किमया घाबरून रडायला लागली. किती दिवसांनी ती मोठ्यानं रडत होती.

"लाज वाटती का रं?" काकू त्या माणसावर तुटून पडल्या. "पोरीच्या तोंडातला घास काढतोस? पहिला पेला तेवढा नीट पोटात गेला, आणि दुसऱ्याला आलास व्हय!"